अढीतला आवाज

माझा पहिला वूफर माठाचा होता. पाण्याचाच माठ, तळाशी केसाएवढी चीर गेली म्हणून आईने परसात काढून ठेवलेला. वडिलांच्या बंद पडलेल्या रेडिओतला सहा इंची स्पीकर सोडवला, चुंबक आत आणि कागदाचा कोन वर अशा बेताने माठाच्या तोंडावर बसवला, फट राहू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून मध्ये घातली आणि दोन तारा टेपरेकॉर्डरला जोडल्या. तेव्हा मी नववीत होतो. अक्कल माझी नव्हे. आमच्या वाटेवरच्या पिठाच्या गिरणीत असाच एक माठ कोपऱ्यात गात असे आणि दळण घेऊन गेलेली पोरं दळण विसरून त्याच्यापाशी उभी राहत. घरचा माठही गायला लागला. टेपच्या पोटातून कधी धड ऐकू न आलेला डग्गा एकदम घुमायला लागला. फक्त एका ठरावीक सुरावर चिरीतून 'झर्र' व्हायचं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेल्या, माठाला कंठ फुटलाय. मिसरूड फुटायची तेवढी बाकी आहे."

पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून मुलांना दाखवायचो की बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते, उसळते आणि आपल्या मापाचा एकच सूर काढते. हेल्महोल्ट्झचं नाव फळ्यावर लिहायचो. मनात मात्र गिरणीतला माठ असायचा.

आता निवृत्त झालो. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या घरात पुढच्या खोलीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे. सगळे स्वतः बांधलेले आणि बहुतेक सगळे दोनदा-तीनदा मोडून पुन्हा बांधलेले. ह्याला होम थिएटर म्हणतात, पण रत्नागिरीत हा शब्द जपून वापरावा. एका शेजाऱ्यांना मी उत्साहाने म्हणालो, "घरी थिएटर करतोय." त्यांनी गंभीरपणे विचारलं, "नाटक कुठलं घेतलंत? बायकांची पात्रं किती?" त्यांचं काही चुकलं नाही. शिमग्यात, गणपतीत, जत्रेत जिथे खळ्यात माणसं उभी राहून नमन आणि जाखडी रंगवतात, तिथे घरातलं थिएटर म्हणजे आणखी काय असणार?

सुटे भाग इथे मिळत नसत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आजूबाजूची दुकानं, हीच आमची पंढरी. एकदा लॅमिंग्टन रोडवरून दहा इंची वूफर घेऊन रातराणीने निघालो. वरच्या फळीवर टाकायचा धीर होईना, म्हणून खोकं मांडीवर. कशेडी घाटात एका वळणावर डुलकी लागली, हात सैल पडले, आणि खोकं जिवंत असल्यासारखं पुढे सरकून समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याला जाऊन चिकटलं. सोडवता सोडवता पुढचा माणूस जागा झाला, मग त्याच्या पुढचा. कंडक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "धरून बसा त्याला. नाहीतर सीट घेऊन उतराल रत्नागिरीत."

त्या चुंबकातच सगळं आहे. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग ह्या दोन इंजिनिअरांनी स्पीकरची जी रचना मांडली, ती शंभर वर्षांत मुळातून बदललेली नाही. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कोन. वेटोळ्यातून वीज गेली की कोन पुढे-मागे हलतो आणि हवा हलवतो. बस्स. ह्यापलीकडे जे काही महाग आहे, ते कोन जिथे हलायला नको तिथे हलू नये म्हणून.

आणि पेटी. नुसता उघडा स्पीकर वाजवून बघा, खर्ज नसतोच. कोनाच्या पुढची हवा मागच्या हवेला खाऊन टाकते. म्हणून मागची बाजू कोंडायची. कशी कोंडायची ह्यावर ह्या छंदातली निम्मी भांडणं आहेत. पूर्ण बंद पेटी म्हणजे आपला डग्गा: आतली हवा कोंडलेली, आवाज बांधेसूद. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर ह्यांनी एआर-१ नावाचा स्पीकर बाजारात आणला तो असाच. पेटीतल्या हवेलाच त्यांनी कोनाची स्प्रिंग बनवलं आणि लहान पेटीतून मोठा खर्ज काढून दाखवला. दुसरा प्रकार पाइप बसवलेल्या पेटीचा. तो समजायला गोव्याकडचं घुमट बघावं. मडक्याचं मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, दुसऱ्या टोकाला लहान तोंड उघडं, आणि वाजवणारा डाव्या हाताचा तळवा त्या तोंडावर कमी-जास्त झाकून आवाजाचं पोट बदलतो. पाइपाची लांबी-रुंदी ठरवणं म्हणजे तो तळवा किती झाकायचा ते कायमचं ठरवून टाकणं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील ह्यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल ह्यांनी ह्याचं गणित बांधून दिलं, तोवर जगभर माठ-छाप प्रयोगच चालले होते.

माझी पहिली शहाणी पेटी पाइपवाली होती. गणित चोख केलं. पाइप तीन इंची पीव्हीसीचा, न्हाणीघराच्या कामातून उरलेला. आमच्या इथे रनपारच्या कारखान्यात पीव्हीसीच तयार होतं, त्यामुळे पाइपाबाबत रत्नागिरीकराला उगाच एक आत्मविश्वास असतो. लाकूड फणसाचं घ्यायचं मनात होतं. सुतारमामांनी मोडता घातला. "पावसात फुगंल, मे महिन्यात आकसंल, सांधे हसतील." मग मरीन प्लाय, पाऊण इंच जाड. मामांनी आतल्या पट्ट्या ठोकल्या, डिंक ओतला, आणि सगळं बांधून झाल्यावर पेटीला एक फेरी मारून म्हणाले, "भाऊ, दार कुठाय ह्याला?"

"दार नाही."

"मग आत ठेवणार काय?"

"हवा."

मामा थोडा वेळ प्लायच्या उरलेल्या तुकड्यांकडे बघत राहिले. हिशेब मनातल्या मनात केला असावा. पण त्या कामात त्यांनी एका सुताचीही फट ठेवली नाही.

तशाच दुसऱ्या पेटीच्या जोडीने ती वर्षभर छान वाजली. मग खर्ज हळूहळू बदलला, जड झाला, एका बाजूला लंगडायला लागला. दोन पेट्यांपैकी एकच बिघडलेली. मी ॲम्प्लिफायर उघडला, तारा बदलल्या, मग कपॅसिटर बदलले. शेवटी बॅटरी घेऊन पाइपात बघितलं तर आत कुंभारणीने घर केलेलं. मातीची नीट लिंपलेली चार कोठारं, एकाला एक लागून. एक चमच्याने फोडलं तर आत पाच-सहा हिरव्या अळ्या, जिवंत पण निपचित, पिल्लाच्या जेवणासाठी रचून ठेवलेल्या. त्या बाईने माझ्या पाइपाची जागा अर्ध्यावर आणून पेटीचा सूर आपल्या सोयीने लावून घेतला होता. थील आणि स्मॉल ह्यांच्या गणितात कुंभारणीला जागा नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं, तेव्हा पाइप काढून भोकं बुजवली. तेव्हापासून मी बंद पेटीचा पुरस्कर्ता आहे. कोणी कारण विचारलं तर बांधेसूद खर्जाबद्दल बोलतो.

कोकणात हा छंद करायचा म्हणजे निम्मा वेळ हवामानाशी मारामारी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्र खारी हवा पाठवतो. कोनाच्या कडेला जी फोमची मऊ झालर असते ती दमटपणात कुजते; एके दिवशी बोट लावलं तर ओल्या बिस्किटासारखी हातात आली. तेव्हापासून रबरी झालरीशिवाय घेत नाही. एमडीएफची पेटी एकदाच केली, पहिल्या श्रावणात तिच्या कडा पापडासारख्या फुलल्या. तांब्याच्या तारांना हिरवा कळंक येतो. ॲम्प्लिफायरच्या कपाटात पावसाळाभर झिरोचा बल्ब जळत ठेवावा लागतो. पूर्वी त्या कपाटात लोणच्याच्या बरण्या असत. बायकोचं म्हणणं, बरण्यांना कधी बल्ब लागला नाही.

क्रॉसओव्हरची गंमत मात्र इथेच, घरबसल्या केली. उंच सूर छोट्या ट्वीटरला आणि बाकीचे वूफरला, अशी आवाजाची वाटणी करणारं हे साधं मंडळ. आठ ओहमचे स्पीकर अडीच हजार हर्ट्झवर वाटायचे, तर आठ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल लागते. कॉइल कोण गुंडाळणार? एमआयडीसीत पंपाच्या मोटरी रिवाइंड करणारा एक माझा विद्यार्थीच निघाला. अठरा गेजची तार, लाकडी फिरकी, सव्वाशे वेढे. मग मीटर लावून एकेक वेढा उलगडत बरोबर आकड्यावर आणलं. "सर, ही कुठल्या पंपाची?" म्हणाला. सांगितलं तेव्हा हसला. पैसे घेतले नाहीत. दुसरी जोडी गुंडाळताना मात्र त्याने स्वतःसाठीही एक गुंडाळली. आता त्याच्या दुकानात मोटरींच्या गराड्यात दोन पेट्या आहेत.

इथे थोडं डॉल्बीबद्दल. मी स्पीकर बांधतो म्हटलं की गावात पुढचा प्रश्न हमखास, "मास्तर, डॉल्बी केलात काय?" महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे टेम्पोवर रचलेली ती भिंत, जिच्यासमोर नाचताना छातीत धडधडतं आणि घराच्या काचा वाजतात. पोलीस डॉल्बीवर बंदी घालतात, मंडळं डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाचे फलक लावतात. आता रे डॉल्बी हा माणूस कोण? १९६५ मध्ये लंडनमध्ये त्याने आपली प्रयोगशाळा काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. त्याचं पहिलं नाव झालं ते गोंगाट घालवणारा म्हणून. माझ्या पहिल्या डेकवर त्याच्या नावाचं एक बटण होतं. दाबलं की कॅसेटची 'स्स्स' दबायची. सिनेमातलं सहा मार्गांचं डिजिटल ध्वनिमुद्रण त्याच्या कंपनीने १९९२ मध्ये आणलं, ते पुढचं. जन्मभर कुजबूज स्वच्छ करण्यात घालवलेल्या माणसाचं नाव आपण साताऱ्या-सांगलीपासून थेट आमच्या मारुती मंदिरापर्यंत सगळ्यात मोठ्या आवाजाला देऊन टाकलं. कायद्याने राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. टेम्पो जातो तेव्हा माझ्या मीटरचा काटा घाबरून शेवटच्या आकड्याला टेकलेला असतो. मला राग आवाजाचा येत नाही. टेम्पोत काही ऐकण्यासारखं असतच नाही, त्याचा येतो.

गुणगुणीची गोष्टही सांगायला हवी, कारण त्यात मी सगळ्यात जास्त घाम गाळला. एका वर्षी स्पीकरमधून कायमची 'घुं' येऊ लागली. विजेची पन्नास हर्ट्झची घुं. मी विज्ञानाचा शिक्षक. अर्थिंग खराब, असं निदान झटक्यात केलं. आमची जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ, उन्हाळ्यात खडखडीत कोरडा, त्यात अर्थिंग धरणार कुठून? दोन गडी लावून पहारीने पाच फूट खड्डा घेतला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, रोज दोन घागरी पाणी. आईला वाटलं माड लावतोय. पंधरा दिवस पाणी घातलं, घुं जशीच्या तशी. शेवटी वैतागून मागच्या सगळ्या तारा उपटल्या. छपरावरच्या डिशची केबल उपटली त्या क्षणी खोली एकदम शांत. दोन ठिकाणी जमीन जोडली गेली की त्या दोघींच्या मधून वीज फिरत राहते, हे मी मुलांना आकृती काढून शिकवलेलं. खड्ड्यात मग खरंच एक माड लावला. चांगला धरलाय.

असं करत करत मी ज्या गोष्टीपाशी आलो ती पेटीत नव्हतीच.

निवृत्तीनंतर मोजमापाचा माइक घेतला. संगणकातून वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत चढत जाणारा एक सूर सोडायचा, माइकने ऐकायचा, पडद्यावर रेघ उमटते. पहिल्या दिवशी तो सूर ऐकून शेजारचा मुलगा भोंगा कशाचा झाला म्हणून बघायला आला. रेघ सरळ यायला हवी. माझी रेघ म्हणजे सह्याद्री. मी स्पीकर बदलले, रेघ तशीच. पेट्यांच्या जागा बदलल्या तेव्हा कुठे डोंगर थोडे सरकले. मग साधी गोष्ट डोक्यात शिरली. खोली चौदा फूट लांब. चाळीस हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर, म्हणजे खोलीच्या बरोबर दुप्पट. तो सूर ह्या खोलीत अडकून उभा राहतो. मी चाळीसचा सूर लावून ठेवला आणि भिंतीपासून चालायला लागलो. भिंतीपाशी पोटात गुरगुर. चार पावलं चाललो, कमी. खोलीच्या मध्यावर, जिथे मी आठ वर्षं खुर्ची टाकून बसत होतो, तिथे काहीच नाही. तोंडात घास घ्यावा आणि चवच नसावी, तसं. पुढे चालत गेलो तर समोरच्या भिंतीपाशी पुन्हा गुरगुर. त्या जागी बसून मी आठ वर्षं खर्ज कमी पडतो म्हणून वूफर बदलत आलो होतो. खुर्ची दोन फूट मागे घेतली. फुकट.

ह्या छंदाच्या दुकानदारीतली मेख हीच आहे. खुर्ची सरकवा, असं कोणी विकत नाही. नवी पेटी आणली की तीन आठवडे कान हरखतात, चौथ्या आठवड्यात नवा दोष दाखवतात. मी वर्षानुवर्षं समजत होतो की माझी यंत्रणा सुधारते आहे. सुधारत होती ती तक्रार करण्याची ताकद.

आईची तक्रार मात्र पहिल्या दिवसापासून एकच होती. "बोलतात ते कळत नाही. मारामारी तेवढी कळते." मला वाटायचं, वयाचे कान. ती दाराजवळ झोपाळ्यावर बसते, पडद्याच्या बऱ्याच एका बाजूला. सिनेमातलं बोलणं येतं ते मधल्या स्पीकरमधून. माझा मधला स्पीकर टीव्हीखाली आडवा होता: दोन वूफर आजूबाजूला, मध्ये ट्वीटर, देखणा. एकदा ती देवळात गेलेली असताना सहज झोपाळ्यावर बसलो आणि सिनेमा लावला. मलाही काही कळेना! बाजूला बसलं की एक वूफर दुसऱ्यापेक्षा सोळा-सतरा सेंटिमीटर जवळ पडतो. हजार हर्ट्झच्या आसपास तेवढं अंतर म्हणजे अर्धी लाट. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि शब्दाचा गाभाच गायब होतो. नुसता स्पीकर उभा केला. टीव्ही वर चढवावा लागला, भिंतीत चार नवी भोकं पडली, त्यावरून हिने दोन दिवस ऐकवलं. पण त्या रात्री आई अर्ध्या सिनेमात म्हणाली, "हा खोटं बोलतोय." पात्र खरंच खोटं बोलत होतं. उघड पुढच्या प्रवेशात झालं.

खर्जाचा गर्व शिमग्यात उतरला. पालखी अंगणात आली होती, ढोल-ताशे दारापर्यंत. गर्दीत घाम आला म्हणून पाणी प्यायला आत आलो. यंत्रणा बंद, वीजसुद्धा काढलेली. सबवूफरजवळून जाताना काहीतरी फडफडल्यासारखं वाटलं. वाकून बघितलं तर बंद सबवूफरचा कोन हलत होता. बोट टेकवलं. बाहेर ढोलावर टिपरी पडली की आत बोटाला धक्का बसत होता. त्यात चमत्कार काही नाही. कोन हवा हलवतो तशी हवाही कोनाला हलवते, हाच स्पीकर उलटा वापरला की माइक होतो. पण पंचवीस हजारांचा वूफर बाहेरच्या बकऱ्याच्या कातड्याच्या तालावर निमूट मान डोलावतोय हे बघून मी पाणी प्यायचं विसरलो.

आणि मग मे महिना.

आमच्या पुढच्या खोलीला मधली उष्ण, कोरडी भिंत आहे, म्हणून अढी तिथेच घालायची हा आजीपासूनचा नेम. होम थिएटर आल्यावर मी विरोध करून पाहिला. आईने ऐकलं नाही. हापूस आधी, तुझी खोकी नंतर. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर देठ खाली करून आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. दहा बाय सहा फुटांची, गुडघाभर उंच अढी, स्पीकर आणि खुर्च्या ह्यांच्या बरोबर मधोमध. आठ-दहा दिवस खोलीत पाय ठेवायला जागा नसते आणि वासाने डोकं जड होतं. त्या दिवसांत मी यंत्रणा झाकून ठेवत असे, पेंढ्याची कुसळं जातात म्हणून.

तीन वर्षांपूर्वी आईला प्रभातचा 'संत तुकाराम' बघायची हुक्की आली. १९३६ चा सिनेमा, पुढच्या वर्षी व्हेनिसला गाजलेला. आवाज एकेरी, फिल्मच्या कडेच्या पट्टीवर उमटवलेला, वर उंच सूर नाहीत, खाली खर्ज नाही. सहापैकी पाच स्पीकरांना कामच नव्हतं. मधला एकटा वाजणार. अढीपलीकडून, भिंतीला पाठ लावून आम्ही बसलो. विष्णुपंत पागनीसांनी तोंड उघडलं आणि मी ताठ बसलो. आवाज पडद्यात नव्हता, पेटीतही नव्हता. खोलीत एक माणूस बसून गात होता. श्वास कुठे घेतला ते कळत होतं. मागची खरखरही वेगळी, आपल्या जागी, पावसाच्या झिरमिरीसारखी. आईने झोपाळा पायाने थांबवला.

मध्येच उठून मी टाळी वाजवली. आमच्या खोलीत टाळी वाजवली की दोन गुळगुळीत भिंती आणि फरशी मिळून तिचा 'टर्र' असा तुकडा परत फेकतात. वडिलांनी जांभ्यावर गिलावा करून ऑइलपेंट लावला तेव्हापासून. आज टाळी वाजली आणि तिथेच संपली. अढीने तिला गिळलं होतं. स्पीकरमधून निघून फरशीवर आपटून कानात शिरणारा जो दुसरा, किंचित उशिराचा आवाज शब्दांच्या कडा पुसतो, तो पेंढ्यात मुरत होता. दुसऱ्या दिवशी माइक लावला. खर्जाचे डोंगर जागच्या जागी; गुडघाभर पेंढ्याने चाळीस हर्ट्झचं काही बिघडत नाही. वरचं मात्र सगळं निवळलेलं. वीस वर्षांत जेवढं मी पैसे देऊन निवळलं नव्हतं तेवढं.

अढी काही कायम ठेवता येत नाही. मी तसं सुचवलं तेव्हा हिने उंदीर आणि मागोमाग येणारं जनावर, एवढंच म्हटलं. पुढच्या वर्षी काथ्याच्या जाड चटया आणून लाकडी चौकटीत बसवल्या, भिंतींवर टांगल्या. बऱ्याच उपयोगी पडतात. खुर्चीपुढे घोंगडी अंथरतो. तरी अढीची सर नाही, आणि असं का ते रेघेवर दिसत नाही. कदाचित ते आठ दिवस मी काही बदलायच्या खटपटीत नसतो. हलायलाच जागा नसते.

ह्या वर्षी मृगाच्या आधीच अढी मोडली. शेवटचे आंबे वाटले गेले, पेंढा गोठ्यात गेला, फरशी पुसली. संध्याकाळी रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहून मी टाळी वाजवली. टर्र. जागा बदलून पुन्हा वाजवली.

"आरती झाली कधीच," आई झोपाळ्यावरून म्हणाली. "तो तुझा मोठा डबा आहे ना, त्याच्या मागे बघ."

सबवूफरच्या मागे, भिंतीच्या फटीत, चार काड्या पेंढा आणि एक हापूस. पार उतरलेला, एका अंगाने काळा पडलेला.

"दोन दिवस वास येतोय मला," ती म्हणाली. "तुला कसा नाही आला रे?"